एक अंशाची खोली

५ नोव्हेंबर

बंगळूरला येऊन दोन दिवस झाले. सांबारात गूळ घालतात, एवढं सोडलं तर तक्रारीला जागा नाही. खोली देवनहळ्ळीच्या किल्ल्यापासून पायी दहा मिनिटांवर आहे, नव्या लेआउटमध्ये, वरच्या मजल्यावर. मागे अजून द्राक्षांचा एक मळा शिल्लक आहे. विमानं इतकी खालून जातात की त्यांची चाकं दिसतात.

घरमालकीण प्रेमाक्का बँकेतून निवृत्त झाल्या आहेत आणि एकट्या राहतात. त्यांचं घराणं तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलं ते इथलंच झालं. त्यांच्या मराठीत दर चार शब्दांमागे एक कन्नड शब्द असतो. मी काकू म्हटलं तर म्हणाल्या, काकू नको, अक्का म्हण. ‘ऊटा झाला का गं?’ असं विचारतात तेव्हा जेवलीस का असं विचारतात, हे मला काल संध्याकाळी कळलं.

आईला मात्र माझं काम अजून कळलेलं नाही. फोनवर तिला तिसऱ्यांदा सांगितलं. उत्तर ध्रुवाकडे एका कंपनीला समुद्राकाठी खाण काढायची आहे. खाणीचं पाणी समुद्रात गेलं तर तिथल्या माशांच्या विणीवर काय परिणाम होईल, हे आधी तपासावं लागतं, आणि ते काम आमच्या लॅबला मिळालंय. मासे तिकडून विमानाने बर्फात येतात, म्हणून लॅब विमानतळाजवळ. आई म्हणाली, रत्नागिरीत एवढे मासे असताना तुला तिकडचे कशाला? मी म्हटलं, रत्नागिरीत मला कोणी नोकरी दिली नाही.

९ नोव्हेंबर

आज थंड खोली पाहिली. बाहेर अंग भाजणारं ऊन, आणि जाडजूड दार ढकलून आत गेलं की एक अंश. जाकीट, लोकरी टोपी, दुहेरी हातमोजे. चार टाक्या आहेत. पहिलीत निव्वळ खारं पाणी. बाकीच्या तिन्हींत शिसं, कॅडमियम आणि पाऱ्याचं एक संयुग, चढत्या मात्रेत. टाक्यांतलं पाणी रोज थोडं बदलायचं, जुनं पाणी जमिनीवरच्या जाळीतून खालच्या हौदात जातं.

मासे दिसायला अगदी कुरूप, वीतभर लांब, डोकं अंगापेक्षा मोठं आणि त्यावर काटे. कागदावर त्यांना स्कल्पिन म्हणतात. लॅबमध्ये सगळे काटेडोक्या म्हणतात. मला ते आवडले. हातात धरला की हा मासा गुरगुरतो. आवाज ऐकू येत नाही, पण त्याची थरथर हातमोज्यातून तळहाताला कळते.

लॅबचे प्रमुख उमाकांत सर मूळचे साताऱ्याचे. तीस वर्षं सरकारी संशोधन केलं, आणि निवृत्तीनंतर ही लॅब उभी केली. हळू आवाजात बोलतात. पहिल्याच दिवशी स्वतःच्या डब्यातली थालीपीठं मला दिली. माझ्याआधी इथे श्रीविद्या नावाची मुलगी होती, ती बाळंतपणासाठी गेली. तिच्या नोंदी इतक्या नेटक्या आहेत की मला माझ्या अक्षराची लाज वाटली.

१२ डिसेंबर

महिनाभर वहीला हात लावायला वेळ नव्हता. चारही टाक्यांत माद्या व्याल्या! गाभोळी दगडाला चिकटवून मादी निघून जाते, तिला पुन्हा काही देणंघेणं नसतं. राखण करतो नर. गाभोळीवर ओणवा होऊन कल्ल्यांजवळच्या परांनी वारा घालत बसतो. दोन-अडीच महिने, जवळपास उपाशी.

काल माद्यांच्या मांसाची तपासणी आली. विणीच्या आधी अंगात जेवढा पारा होता, त्यापेक्षा विणीनंतर बराच कमी. गेला कुठे? अंड्यांत. मादी आपल्या अंगातलं विष गाभोळीबरोबर बाहेर टाकते आणि स्वतः हलकी होते. हे पुस्तकात वाचलं होतं, पण आपल्या हाताने कापलेल्या माशात आकड्यांनी दिसलं तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. सरांनी सगळ्यांना कॉफी सांगितली. नर बिचारा कुठे टाकणार, असं मी म्हटलं, आणि सगळे हसले.

३ जानेवारी

पहिल्या टाकीतल्या अंड्यांत डोळे दिसू लागले आहेत. खसखशीएवढे काळे ठिपके, अंडं हलवलं की तेही हलतात.

दुसरीत निम्मी अंडी पांढरी पडली. तिसरीत गर्भ आहेत पण वाकडे, पाठीचा कणा स्वल्पविरामासारखा. चौथीत सगळं मेलंय. गाभोळीवर बुरशीचा कापूस आलाय. आणि नर तिच्यावर ओणवा होऊन वारा घालतोय. मी ती काढायला गेले तर माझ्या हातमोज्याला चावला. प्रयोगाच्या नियमाप्रमाणे ती तशीच ठेवायची आहे. रोज सकाळी त्याच्यासमोर उभी राहते, आणि मोजायला काही नसतं, तरी मोजल्याची नोंद करते.

१९ जानेवारी

गेले आठ-दहा दिवस ओठ बधिर वाटतात. दातांच्या डॉक्टरकडून आल्यावर वाटतात तसे. बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. हा थंडीचा परिणाम असणार. रोज पाच तास एक अंशात काढते. प्रेमाक्कांनी तिळाचं तेल कोमट करून दिलं आणि समोर बसून माझ्याकडून चोळून घेतलं. हातात मासा नसतानाही तळहाताला तीच गुरगुर जाणवते, असं त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, चार दिवस रजा घे. रजा कशी घेऊ? अंडी आता फुटायला येतील.

२ फेब्रुवारी

लॅबने श्रीविद्याच्या बाळासाठी चांदीची वाटी घेतली आहे. ती पोचवायला सरांनी मला पाठवलं. बसने शहरात, तिथून मेट्रोने चिकपेट. खाली तिच्या वडिलांचं साड्यांचं होलसेल दुकान, वर घर. दुकानात गठ्ठे फोडायचं काम चाललं होतं, त्यातून वाट काढत जिना चढले.

श्रीविद्या माझ्याच वयाची, हसरी, बोलकी. घरी सगळे प्रेमाक्कांसारखीच कन्नड मिसळलेली मराठी बोलतात. तिने थंडगार मजिगे दिलं, ताक. टाक्यांची, काटेडोक्यांची, सरांच्या थालीपिठांची चौकशी केली. मी बोटांच्या मुंग्यांचं सांगितलं तर हसली. म्हणाली, ‘मलाही यायच्या गं. बाळंतपण झालं आणि गेल्या बघ. एकदम साफ.’

बाळाचं नाव हर्ष. चार महिन्यांचा आहे. तिच्या आईने माझ्या मांडीवर दिला. मुठी घट्ट आवळलेल्या. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, माझ्या हातातला पेला हिंदकळला, पण त्याची पापणी हलली नाही. मी त्याच्या डोळ्यांसमोर बोट फिरवलं. डोळे आपापले कुठेतरी फिरत होते. श्रीविद्याची आई म्हणाली, फार शांत आहे हो, रडत सुद्धा नाही.

निघताना श्रीविद्या जिन्यापर्यंत आली आणि तिथे तिने माझा हात धरला. हळू आवाजात म्हणाली, ‘सासूबाई म्हणतात मी ग्रहणात बाहेर गेले. आई म्हणते मी पपई खाल्ली. डॉक्टर काही नक्की बोलत नाहीत. तू ह्यातलं शिकलेली आहेस. खरं सांग, माझं काय चुकलं?’

मी म्हटलं, काही नाही गं, होईल सगळं नीट.

मेट्रोत बसले तेव्हा कळलं की मी जिन्यातच ओळखलं होतं.

३ फेब्रुवारी

थंड खोलीत गेले आणि आज पहिल्यांदा वर पाहिलं. हवा बाहेर फेकणारा पंखा आहे, पण त्याच्या तोंडावर थर्मोकोल बसवून चिकटपट्टी लावली आहे. पट्टी जुनी, कडा काळ्या. म्हणजे मी इथे जो श्वास घेते तो ह्याच खोलीत फिरत असतो. आणि पायाखाली जाळी, जाळीखाली हौद, हौदात चौथ्या टाकीचं कित्येक महिन्यांचं पाणी, उघडं. पाऱ्याचं हे संयुग थंडीतही वाफ होऊन हवेत उडतं.

जाळी उचलून पाहिली. हौद काठोकाठ आहे.

५ फेब्रुवारी

सरांना सगळं सांगितलं. पंखा, हौद, माझे ओठ, श्रीविद्याच्या मुंग्या, हर्ष. ते म्हणाले, ‘पंखा मीच बंद केला. गेल्या एप्रिलमध्ये.’ तेव्हा उन्हाळ्यात थंडावा टिकेना, एका दुपारी निम्मे मासे मेले. तात्पुरता म्हणून बंद केला आणि राहून गेला.

श्रीविद्या सप्टेंबरअखेर गेली. एप्रिल ते सप्टेंबर. मी सरांसमोरच बोटांवर मोजलं.

सर म्हणाले, आधी तपासणी करू, उगाच त्या मुलीच्या घरी काही बोलू नकोस. मलाही ते पटलं. खात्री झाल्याशिवाय असं एखाद्या आईला कसं सांगायचं?

पंखा आजच उघडला. हौद उपसायला माणसं बोलावली आहेत.

१० फेब्रुवारी

लॅबच्या डॉक्टरांचा अहवाल आला. पारा मर्यादेत. सर कागद घेऊन स्वतः प्रेमाक्कांच्या घरी आले. त्यांचे डोळे भरले होते, त्यांना खरंच आनंद झाला होता. मी कागद वाचला. तपासणी लघवीची होती. पाऱ्याचा हा प्रकार लघवीत दिसत नाही, रक्तात आणि केसांत बघावं लागतं. मी तसं म्हटलं. सर म्हणाले, वेदिका, तू थकली आहेस.

केसांची एक बट कापून मुंबईला पाठवली आहे. तीन-चार आठवडे लागतील म्हणाले.

१६ फेब्रुवारी

रस्ता ओलांडताना डावीकडची रिक्षा दिसली नाही. खांद्याला घासून गेली. रिक्षावाला ओरडला, तो मला नीट ऐकू आला नाही.

समोरचं दिसतं, बाजूचं नाही. कागदाची नळी करून त्यातून बघावं तसं. प्रेमाक्का आता जिन्यावरून हात धरून आणतात. नोकरीवर जात नाही. पहिल्या टाकीतली पिल्लं बाहेर आली असतील. कोणी मोजली असतील का?

२० फेब्रुवारी

शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो, प्रेमाक्का आणि मी. मुंग्या, नजर, चाल, सगळं तपासलं. केसांचा अहवाल यायची वाट न बघता औषध सुरू केलं. रक्तातला पारा ओढून काढतं म्हणाले. मी विचारलं, मेंदूतला? त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

श्रीविद्याचंही सांगितलं. त्यांनी विचारलं, ती अंगावर पाजते का? मी हो म्हटलं. तर म्हणाले, तिला आजच सांगा. थोडं दुधातूनही जातं. आणि बाळाला लगेच आणायला सांगा.

आजच. मी अठरा दिवस घालवले आहेत.

२१ फेब्रुवारी

फोन केला. माझी जीभ जड झाली आहे, शब्द तोंडात लोळतात. मनात वाक्य सरळ असतं. श्रीविद्या तीनदा म्हणाली, काय गं, नीट ऐकू येत नाही. मी म्हटलं, दूध. मी म्हटलं, पाजू नको. ती घाबरून म्हणाली, ‘असं का बोलतेस माझ्या बाळाबद्दल?’ आणि फोन आईकडे दिला. मी रडायला लागले. रडण्यात तर काहीच कळेना.

मोबाइलवर लिहायला अर्धा तास लागला. अक्षरं बोटाखालून निसटतात. दूध थांबव पारा आहे लॅबमधला हर्षला डॉक्टर. एवढं पाठवलं.

प्रेमाक्का म्हणाल्या, मी जाते चिकपेटला. स्वल्प दम धर.

२२ फेब्रुवारी

प्रेमाक्का जाऊन आल्या. दारातच उभं ठेवलं त्यांना. श्रीविद्याच्या आईने माझा निरोप वाचून लॅबला फोन केला होता. सरांनी सांगितलं की वेदिकाची तपासणी झाली आहे, पारा मर्यादेत आहे, मुलीच्या मनावर ताण आलाय, तुम्ही काळजी करू नका.

सर खोटं बोलले नाहीत. त्यांचा त्या कागदावर विश्वास आहे.

श्रीविद्याच्या फोनवर आता माझा फोन लागत नाही.

१ मार्च

आई आली. मला बघून दारात बसली. बोलली काही तरी. मी तिच्या ओठांकडे बघते, तर डोळे दिसत नाहीत. डोळ्यांकडे बघते तर ओठ —

भरवते. मी सत्तावीस वर्षांची आहे.

७ मार्च

लिहायला एक तास लागतो. आईने पट्टी आणून दिली, ओळीखाली ठेवते. अक्षर मोठं येतं, एका पानावर पाच ओळी. पेला उचलला तर तोंडाला न लागता गालाला लागतो. चालताना जमीन होडीसारखी.

आईला श्रीविद्याचं लिहून दाखवलं. ती गेली चिकपेटला. तिला त्यांची कन्नड मिसळलेली बोली समजेना, त्यांना हिची. घरात बाळ नव्हतं. सासरी नेलंय, होसूरकडे. कुठल्या देवाला —

१५ मार्च

केसांचा अहवाल. आईने आकडा वाचला. मी पुन्हा वाचायला लावला. मग तिने कागद मिटला.

चौथ्या टाकीतल्या नरापेक्षा जास्त.

१७ मार्च

सर आले. अहवाल हातात घेऊन उभेच राहिले. आईने बसा म्हटलं तरी बसेनात. मग खाली बसले, जमिनीवर, माझ्या पलंगाशी. काय बोलले ते कळलं नाही. आईने लिहून दाखवलं. मी स्वतः होसूरला जातो.

मला म्हणायचं होतं त्यांना, जा, लवकर. तोंडातून गुरगुर आली. ते मान हलवत राहिले.

२३ मार्च

सर तिच्याशी बोलले. सगळं सांगितलं. दूध थांबलं.

डॉक्टरांनी हर्षला पाहिलं. औषध देतील. पण जे पोटात असताना झालं ते —

आईने पुढचं लिहिलं नाही. मी पेन्सिल तिच्या हातात कोंबली. तिने ठेवून दिली.

२९ मार्च

श्रीविद्या येणार. उद्या. प्रेमाक्कांना फोन केला तिने. मला भेटायचंय म्हणाली. एवढंच.

बोलता येत नाही मला. म्हणून लिहून ठेवते. वही तिला देईन. आईला लिहून सांगितलंय, हे पान तिला वाचून दाखव.

३० मार्च

पेन धरवत नाही. आईने मनगट धरलंय. मीच लिहिते.

श्रीविद्या. पपई नाही. ग्रहण नाही. तुझं काही चुकलं नाही. खोलीतली हवा. पंखा एप्रिलपासून बंद, तू आत. तुला कोणी —

तुझ्या मुंग्या का गेल्या ते विचारू नको. मला माहीत आहे. नको विचारू.

अजून एक. ते मलाच लिहायचंय, आईला बाहेर पाठवलंय. हे तूच वाच, आईला वाचू देऊ नको. जिन्यात तू माझा हात धरलास. खरं सांग म्हणालीस. मला तेव्हाच कळलं होतं, त्याच पायरीवर. अठरा दिवस. रोज तू त्याला पाजत होतीस आणि मी